अध्यक्ष महोदय, तारीख सांगा

३ जुलै २०२२ रोजी विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी शिरगणती झाली. एकेक सदस्य उभा राहून आपले मत सांगत गेला आणि राजापूरचे आमदार राजन साळवी १०७ मतांवर थांबले. कुलाब्याचे राहुल नार्वेकर १६४ मतांनी अध्यक्ष झाले. निकाल आधीच ठाऊक होता, त्यामुळे धक्का कोणालाच बसला नाही.

राजापूरचे या खुर्चीशी नाते त्याहून जुने आहे. ग. वा. मावळंकरांचे घराणे मूळचे संगमेश्वराकडच्या मावळंगे गावचे, आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण राजापुरात झाले. पुढे ते अहमदाबादला गेले, तिथे वकिली केली, १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे. आपल्याकडे या पदावर लिहायचे म्हटले की मावळंकरांचे नाव घ्यायचे, ब्रिटनच्या स्पीकरचा दाखला द्यायचा आणि ‘आता तशी माणसे राहिली नाहीत’ म्हणून उसासा टाकायचा, असा साचाच पडून गेला आहे. मला तो पटत नाही. माणूस चांगला की वाईट या वादात खुर्चीच्या हातात नेमके काय आहे हे बघायचेच राहून जाते. अध्यक्ष काय निर्णय देतात यावर आपण तावातावाने भांडतो. पण त्यांची खरी ताकद निर्णय न देता बसून राहण्यात आहे, आणि त्या ताकदीला घटनेत, नियमांत किंवा प्रथेत कुठेही धड लगाम नाही.

कोकणाने हे जवळून पाहिले आहे. २०१९ ला किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांनी शिवसेनेचे भरघोस आमदार निवडून दिले. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला तेव्हा महाडचे भरत गोगावले, अलिबागचे महेंद्र दळवी, दापोलीचे योगेश कदम, रत्नागिरीचे उदय सामंत, सावंतवाडीचे दीपक केसरकर एकनाथ शिंदेंच्या बाजूला गेले. गुहागरचे भास्कर जाधव, राजापूरचे साळवी, कुडाळचे वैभव नाईक उद्धव ठाकरेंच्या बाजूला राहिले. दोन्हीकडून एकमेकांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका दाखल झाल्या. महामार्गाने महाडहून सावंतवाडीपर्यंत खाली उतरत जा, वाटेतला बहुतेक मतदार तेव्हा अशा आमदाराचा मतदार होता, ज्याचे पद कायद्याने टिकते की जाते हे ठरायचे बाकी होते.

ते ठरायला किती काळ लागला? आधी घाईचा नमुना बघू. तेव्हा अध्यक्षपद रिकामे होते आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम बघत होते. त्यांनी २५ जूनला सोळा आमदारांना नोटिसा काढल्या आणि २७ जूनच्या संध्याकाळपर्यंत उत्तर मागितले. नियमाप्रमाणे सदस्याला सात दिवस मिळायला हवेत. इथे दोनच मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवून दिली. तोवर सरकार बदलले, खुर्चीवरचा माणूस बदलला, आणि त्याबरोबर घड्याळाचा वेगही बदलला. ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या याचिका वाजवी मुदतीत निकाली काढा असे सांगितले. चार महिन्यांनी न्यायालयाला वेळापत्रक मागावे लागले, मग ३१ डिसेंबरची तारीख घालून द्यावी लागली, आणि तीही पुढे सरकून निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

तो निकाल बरोबर की चूक, हे मी इथे सोडून देतो. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ज्याला जे वाटायचे ते तो कुठल्या बाजूचा आहे यावर ठरते. माझा मुद्दा तारखांचा आहे. एका पीठासीन अधिकाऱ्याने दोन दिवस दिले, दुसऱ्याने दीड वर्ष घेतले. दोघांनाही आपल्या बाजूचे हित कशात आहे हे पक्के कळत होते. पहिल्याला घाई हवी होती, दुसऱ्याला सवड. आज कोणी म्हणेल अमका अध्यक्ष पक्षपाती होता. मान्य. पण त्याच्या जागी समोरचा बसला असता तर त्याने काय केले असते, याचे उत्तर त्या पंचवीस ते सत्तावीस जूनमध्ये मिळालेले आहे.

आता यात कायद्याची एक गंमत आहे, ती नीट समजून घेतली पाहिजे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली आणि पक्षांतराचा निवाडा अध्यक्षांकडे गेला. १९९२ मध्ये किहोटो होलोहान प्रकरणात हे सगळे सर्वोच्च न्यायालयात तपासले गेले. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालय म्हणाले की अध्यक्षांनी हे काम करायला हरकत नाही, मात्र ते करताना ते न्यायाधिकरण असतील आणि त्यांच्या निकालावर न्यायालयात दाद मागता येईल. उरलेल्या दोन न्यायमूर्तींचे म्हणणे वेगळे होते. ज्याचे पद सभागृहातल्या बहुमताच्या मर्जीवर टिकते त्याला त्याच बहुमताबद्दलचा निवाडा कसा सोपवायचा, असा त्यांचा साधा सवाल होता. पण बहुमताच्या निकालातच एक फट राहून गेली. निकाल लागल्यावर न्यायालयात जाता येईल, निकालाआधी सहसा नाही. म्हणजे अध्यक्षांनी चुकीचा निकाल दिला तर तो न्यायालय तपासू शकते, आणि काहीच निकाल दिला नाही तर तपासायला हातात काही नसते. हे कळायला कोणत्याही पक्षाला फार वर्षे लागली नाहीत.

मणिपूरमध्ये २०१७ ला काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेला एक आमदार निकाल लागल्या लागल्या भाजपच्या सरकारात मंत्री झाला. त्याच्यावरची याचिका वर्षानुवर्षे तशीच पडून. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असाधारण कारण नसेल तर तीन महिन्यांत निकाल लागला पाहिजे, आणि मार्चमध्ये तर आपला विशेष अधिकार वापरून त्याला मंत्रिमंडळातूनच बाहेर काढले. तीन महिन्यांचा हा दंडक महाराष्ट्रात दोन वर्षांनी किती पाळला गेला ते वर आलेच आहे. पुढे २०२५ मध्ये तेलंगणच्या प्रकरणात न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. म्हणजे दंडक आहे, पण दर वेळी कोणीतरी दिल्लीला जाऊन तो नव्याने मिळवावा लागतो.

किनाऱ्याने थोडे आणखी खाली, तेरेखोल ओलांडून गेले तर गोव्याची विधानसभा लागते. चाळीस आमदारांचे छोटे सभागृह, त्यामुळे तिथे एकेक आमदार सोन्याच्या भावाचा. १९९० मध्ये सभापतीच्या (तिथे विधानसभेच्या अध्यक्षाला सभापती म्हणतात) खुर्चीवर असलेले लुईस प्रोतो बार्बोझा स्वतःच काँग्रेसमधून फुटून मुख्यमंत्री झाले. निवाडा करणाराच पक्षांतर करतो तेव्हा सभागृहाने निवडलेल्या दुसऱ्या सदस्याने निवाडा करायचा, अशी सोय दहाव्या अनुसूचीत आहे, पण तो सदस्यही सभागृहच निवडते. पुढे जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले. त्यांच्यावरच्या याचिकांचा निकाल सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये दिला, याचिका फेटाळल्या, आणि उच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्याच महिन्यात गोव्यात निवडणुकीचे मतदान झाले होते. मतदाराला कायद्याचे उत्तर मिळाले तेव्हा त्याने आपले उत्तर यंत्रात घालून झालेले होते.

आता याच खुर्चीचा दुसरा वेग बघा. ५ जुलै २०२१. मुंबईत पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस, तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांच्या गैरहजेरीत कामकाज चालवणारे सदस्य, म्हणून खुर्चीवर गुहागरचे भास्कर जाधव. गोंधळ झाला, अध्यक्षांच्या दालनात धक्काबुक्की आणि शिवीगाळीचे आरोप झाले, आणि त्याच दिवशी भाजपचे बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. सुनावणी नाही, नोटीस नाही, सात दिवस नाहीत. पुढल्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. निलंबन चालू अधिवेशनापुरतेच असू शकते, आणि वर्षभराचे निलंबन हे हकालपट्टीपेक्षा वाईट, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कारण सदस्य काढून टाकला तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी होते. निलंबित केला तर मतदारसंघ मुका होऊन बसतो. त्या दिवशी दालनात कोण काय बोलले याच्या खोलात मी जात नाही. पण एका दिवसात बारा मतदारसंघांचा आवाज बंद करता येतो आणि एका आमदाराने पक्ष बदलला की नाही हे ठरवायला दीड वर्ष लागते, यातले एक तरी काम चुकीच्या वेगाने होते आहे. माझ्या मते दोन्ही.

त्या दिवशी तालिका अध्यक्ष खुर्चीवर का होते, तर नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडले होते, प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होण्यासाठी. सभागृहाच्या सर्वोच्च खुर्चीवरून उठून पक्षाच्या खुर्चीवर जाणे ही बढती मानली गेली, यात सगळे आले. मग ते पद जुलै २०२२ पर्यंत रिकामे. निवडणुकीची पद्धत गुप्त मतदानाऐवजी उघड करायची म्हणून सरकारने नियम बदलले, राज्यपालांनी तारीख दिली नाही, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. सरकार बदलताच राज्यपालांना तारीख लगेच सापडली. वरच्या सभागृहात, म्हणजे विधान परिषदेत, तर त्याहून वाईट. रामराजे नाईक निंबाळकरांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि सभापतिपदावर राम शिंदे बसले ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधली जवळजवळ अडीच वर्षे उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी काम रेटले. घटना म्हणते, शक्य तितक्या लवकर निवड करा. ‘शक्य तितक्या लवकर’ याला तारीख नसते, म्हणून त्याचा अर्थ सोयीप्रमाणे निघतो.

इथपर्यंतचे सगळे मुंबई-दिल्लीचे राजकारण वाटेल. ‘आमका काय त्याचा,’ असे मालवणकडचा मच्छीमार म्हणेल आणि त्याचे चुकणार नाही. म्हणून खुर्चीच्या रोजच्या कामाकडे येतो. माझ्या लेखी तेच महत्त्वाचे आहे, आणि त्यावर कोणी लिहीत नाही.

राज्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून वर झावळ्या-ताडपत्री टाकलेली, सोसायटीच्या शेडमध्ये माणसे जाळी सांधत बसलेली, आणि नेमके त्याच दिवसांत बहुधा पावसाळी अधिवेशन. शेडमधल्या कोणाच्या तरी मोबाइलवर विधानसभेचे थेट प्रक्षेपण चालू असते. आवाज खरखरतो, रेंज जाते-येते. कोणीतरी आत येऊन विचारतो, ‘लागली काय आमची?’ ही ‘आमची’ म्हणजे लक्षवेधी, तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी आमदाराची सूचना. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, राज्यानेही आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवले, तरी रात्री समुद्रात लखलखाट दिसतोच, ही त्यांची तक्रार. निवेदन तयार झाले, आमदारांच्या पीएकडे गेले, आमदारांनी लक्षवेधी दिली. ती स्वीकारायची की नाही हे ठरवणार अध्यक्ष. स्वीकारली तर कुठल्या दिवशीच्या कामकाजात दाखवायची, हेही त्यांच्याच हातात. दाखवली तरी त्या दिवशी तिच्यापर्यंत पोचायचे की नाही, मंत्री सभागृहात नसतील तर पुढे ढकलायची की नाही, उत्तर अर्धवट आले तर राखून ठेवायची की पुढच्या सूचनेकडे वळायचे, सगळे त्यांच्याच हातात. शेवटच्या दिवशी ‘वेळेअभावी’ उरलेल्या सूचना निकालात निघतात. अधिवेशन संपले की पुढच्या वेळी कागद पहिल्यापासून.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, गत वेगळी नाही. छापील उत्तरांची भाषा ज्याने वाचली आहे त्याला ती तोंडपाठ असेल: ‘हे खरे आहे काय?’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ या ‘प्रश्न उद्भवत नाही’ला चिरडायचे एकच हत्यार सभागृहात आहे, ते म्हणजे उपप्रश्न. आणि तो किती जणांना, किती वेळा विचारू द्यायचा हे खुर्ची ठरवते. एखादा मंत्री वेळ मारून नेत असेल तर ‘थांबा, आधी याचे उत्तर द्या’ असे म्हणणारा अध्यक्ष आणि ‘झाले, बसा, पुढचा प्रश्न’ म्हणणारा अध्यक्ष, यांत मुंबई-गोवा महामार्गाच्या एखाद्या रखडलेल्या टप्प्याचे भवितव्य बदलू शकते. २०११ पासून चौपदरीकरण चालू असलेल्या या रस्त्याला सभागृहात किती मंत्र्यांनी किती मुदती दिल्या असतील याची गणती नको. सरकारी आश्वासनांवर नजर ठेवायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ती दिलेल्या मुदतींचा पाठपुरावा करते, पण तिच्या अहवालाने रस्ता होत नाही. मंत्री तोंडाने तारीख बोलतो त्या क्षणी खुर्चीवरून ‘मागच्या अधिवेशनात आपण वेगळी तारीख दिली होती’ हे ऐकू आले, तर मात्र त्याचा परिणाम होतो. मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या आमदाराला मंत्री गाठायला दहा वाटा आहेत. देवगडच्या किंवा श्रीवर्धनच्या माणसाला आमदाराचा आवाज हीच वाट, आणि त्या वाटेवरचे फाटक अध्यक्षांच्या हातात.

सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी होते. दोन बुवा समोरासमोर, रात्रभर. एकाने गजरात समोरच्याला डिवचले की त्याचे उत्तर द्यायला समोरच्याला पाळी मिळालीच पाहिजे, यावर सगळी रंगत. ज्याच्या गावचा बुवा आहे ते मंडळही वेळेत लबाडी करत नाही, कारण मांडवात बसलेल्या सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे असतात. मंडळाची माणसे साधुसंत नसतात, त्यांनाही आपला बुवा जिंकायला हवा असतो. वेळ सगळ्यांना दिसते, एवढेच त्यांना पुरते.

म्हणूनच ब्रिटनसारखा पक्ष सोडलेला अध्यक्ष आणा, या सूचनेत मला फारसा दम वाटत नाही. तिथे स्पीकर पक्षाचा राजीनामा देतो आणि पुढच्या निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आयर्लंडमध्ये तर मावळता अध्यक्ष निवडणूक न लढताच पुन्हा निवडून आलेला धरला जातो. आपल्याकडे १९६७ मध्ये नीलम संजीव रेड्डींनी लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडला, पण त्यांचा कित्ता कोणी गिरवला नाही. २००८ मध्ये सोमनाथ चॅटर्जींनी पक्षाचे ऐकून खुर्ची सोडायला नकार दिला, तर पक्षाने त्यांनाच बाहेर काढले. आपल्याच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, ज्यांना आपण रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखतो, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवले होते की नीट वागलेल्या अध्यक्षाला पुढच्या सभागृहातही चालू ठेवावे. सूचना कागदावर राहिली. कारण उघड आहे. दहाव्या अनुसूचीने अध्यक्षाला पक्ष सोडायची मुभा दिली आहे, त्याबद्दल तो अपात्र ठरत नाही. पण पाच वर्षांनी त्याला मतदारसंघात परत जायचे असते. समजा सावंतवाडीचा आमदार पक्ष सोडून अध्यक्ष झाला. पुढच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उमेदवार न देण्याचा मोठेपणा कुठला पक्ष दाखवील? आणि पाच वर्षे तो स्वतः लक्षवेधी मांडू शकत नाही, प्रश्न विचारू शकत नाही, मग त्याच्या तालुक्याचे काय? मावळंकरांनीही काँग्रेस सोडली नव्हती. १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्ध पदावरून दूर करण्याचा ठराव आला होता, हे त्यांच्या नावाने उसासे टाकणारे विसरतात. तेव्हाही विरोधकांना खुर्ची पक्षपाती वाटत होतीच.

तेव्हा माणूस पक्षाचा राहणार हे धरूनच चालावे. मग राहते ते त्याच्या हातातले काम कमी करणे किंवा त्या कामाला घड्याळ लावणे. पक्षांतराचा निवाडा बाहेरच्या न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुचवले. त्याआधी १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने म्हटले होते की तो अधिकार निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राज्यपालांकडे असावा. हे काही अघटित नाही. आमदार लाभाच्या पदावर आहे का, हा प्रश्न आजही अनुच्छेद १९२ प्रमाणे असाच सुटतो, तिथे अध्यक्ष कुठेच नसतात. मला यातला कुठलाही पर्याय चालेल. पण त्याला घटनादुरुस्ती लागते, आणि ज्या पक्षांना या दिरंगाईचा आळीपाळीने फायदा होतो तेच ती करणार आहेत. शिवाय बाहेर दिले की काम लवकर होते, असेही नाही. जानेवारी २०२४ च्या निकालाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयात विधानसभेची मुदत संपेपर्यंत निकाली निघाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे सभागृह आले आणि खटल्यातला जीव गेला. साळवी तर त्या निवडणुकीत हरले आणि पुढे एकनाथ शिंदे यांच्या पक्षात गेले, तेव्हा कुठल्याही अनुसूचीची गरज पडली नाही. जुने भिजत घोंगडे न्यायालयाच्या दोरीवर टांगले, एवढाच फरक.

घड्याळ लावायला मात्र घटनादुरुस्ती लागत नाही, आणि इथे आपले आमदार सोयीस्कर गप्प असतात. दहाव्या अनुसूचीतल्या आठव्या परिच्छेदाने याचिका कशा चालवायच्या याचे नियम करण्याचा अधिकार खुद्द अध्यक्षांना दिला आहे. ते नियम सभागृहापुढे तीस दिवस ठेवायचे, सभागृहाने बदलले किंवा नामंजूर केले नाहीत तर ते लागू. महाराष्ट्र विधानसभेचे असे नियम १९८६ चे आहेत. त्यांत सदस्याने सात दिवसांत उत्तर द्यायचे, हे लिहिले आहे. अध्यक्षांनी किती दिवसांत निकाल द्यायचा, हे लिहिलेले नाही. एक ओळ घालायची आहे: नव्वद दिवस, आणि ते उलटले तर कारणांसह निवेदन सभागृहाच्या पटलावर. कारण लिहून द्यावे लागले की न्यायालयालाही तपासायला काहीतरी मिळते. जानेवारी २०२४ मध्येच मुंबईत पीठासीन अधिकाऱ्यांची अखिल भारतीय परिषद भरली होती, आणि दहाव्या अनुसूचीचा फेरविचार करायला नेमलेल्या समितीचे प्रमुख म्हणून नार्वेकरांचेच नाव जाहीर झाले. म्हणजे या विषयाचा अभ्यास आणि नियम बदलण्याचा अधिकार, दोन्ही त्यांच्याच दालनात आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की सभागृह म्हणजे कारखाना नव्हे, भोंग्यावर चालायला. खुर्चीला थोडी मोकळीक हवी. गोंधळ माजला तर पाच मिनिटे तहकूब करायचे की तास, कोणाला आधी बोलू द्यायचे, याला मोकळीक हवीच. तिथे घड्याळ लावणे मूर्खपणा ठरेल. पण याचिका, रिकामी पदे, नाकारलेल्या लक्षवेधी आणि मान्यतेचे प्रश्न यांना तारीख लावली तर खुर्चीचा कुठला मान जातो?

मान्यतेचा प्रश्न तर अलीकडचाच आहे. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ च्या सभागृहात विरोधकांतला सर्वांत मोठा पक्ष, ठाकरेंची शिवसेना, वीस आमदारांचा. मार्च २०२५ मध्ये त्यांनी विरोधी पक्षनेतेपदासाठी गुहागरच्या भास्कर जाधवांचे नाव दिले. दहा टक्के संख्याबळ नाही, असे सत्ताधारी म्हणतात. १९७८ च्या राज्याच्या कायद्यात दहा टक्क्यांचा उल्लेख नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढेच आहे. दहा टक्क्यांची प्रथा आली ती लोकसभेतून, मावळंकरांच्या काळातल्या पक्षांच्या मान्यतेच्या दंडकातून, आणि ती राज्याच्या कायद्याला लागू होते का हा खरोखर वादाचा मुद्दा आहे. मग अध्यक्षांनी तो वाद मिटवावा. ‘दहा टक्के हवेत, म्हणून नाही’ असे लेखी म्हणावे, जाधव न्यायालयात जातील. किंवा ‘हो’ म्हणावे. पण महिन्यांमागून महिने ना होकार ना नकार, आणि २०२५ चे पावसाळी अधिवेशन विरोधी पक्षनेत्याविनाच उरकले. २०२१ मध्ये ज्यांच्या खुर्चीवरून बारा जणांना एका दिवसात बाहेर काढले गेले, त्याच जाधवांना चार वर्षांनी खुर्चीच्या मौनाचा अनुभव आला, यावर विरोधकांचे विरोधक हसतील. हसू द्या. पुढच्या सभागृहात तेच विरोधी बाकांवर असू शकतात.

अशासकीय ठराव मांडण्याचा अधिकार मंत्री नसलेल्या प्रत्येक आमदाराला आहे. १९८६ च्या नियमांत नव्वद दिवसांची मुदत घाला, नाकारलेल्या लक्षवेधीचे कारण पटलावर ठेवा, राहून गेलेल्या सूचना पुढच्या अधिवेशनात पहिल्या घ्या, अध्यक्ष-सभापतींच्या रिकाम्या पदाची निवडणूक तीस दिवसांत घ्या, एवढा मजकूर एका पानात बसतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमधल्या कुठल्याही पक्षाच्या आमदाराने तो मांडावा. स्थानिक कार्यक्रमात आमदार भेटले की रस्त्याचा आणि बंदराचा विषय काढतोच आपण. त्यालाच जोडून, ठराव दिलात का आणि तो कुठल्या तारखेला लागला, हेही विचारता येईल.